कच्चे दुवे आणि न पटणारे शेवट : दशावतारी आख्यान व भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम

दशावतारी नाटकाविषयी नागर रसिक, आणि काही अंशी अभ्यासकही, एक तक्रार हमखास करतात. कथानक ढिसाळ असते, प्रसंगांचे दुवे जुळत नाहीत आणि पहाटेच्या सुमारास देव प्रकट होऊन रात्रभर साचलेला गुंता चार वाक्यांत सोडवून टाकतो, अशी ती तक्रार. जवळजवळ याच शब्दांतली दुसरी तक्रार गेली पंचवीस-तीस वर्षे एका अगदी निराळ्या जगात ऐकू येते. ते जग भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमचे. या प्रकारात खेळणारा स्वतः एक पात्र धारण करतो, त्या पात्राने काय बोलावे व काय करावे हे पडद्यावरील पर्यायांतून ठरवतो आणि चाळीस-पन्नास तासांच्या कथेतून वाट काढत शेवटापर्यंत पोचतो. तेथे पोचल्यावर त्याची निराशा झाली, तर तोही कच्च्या दुव्यांकडे आणि आयत्या वेळी अवतरलेल्या देवाकडेच बोट दाखवतो.

कुडाळ-मालवणकडच्या महाविद्यालयांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला आज हे दोन्ही अनुभव ठाऊक असू शकतात; एक गावच्या जत्रेतला, दुसरा मोबाइलवरचा किंवा संगणकावरचा. साहित्याच्या वर्गात मात्र पहिल्याची लोकसाहित्य म्हणून बोळवण होते आणि दुसऱ्याची दखलच घेतली जात नाही. वस्तुतः या दोहोंत एक मूलभूत साम्य आहे : कथेचा सांगाडा आधी ठरलेला असतो, पण भूमिकेचे बोल त्या-त्या वेळी, भूमिका धारण करणाऱ्याकडून सिद्ध होतात. अशा कथेला लिखित नाटकाची किंवा कादंबरीची फूटपट्टी लावली की कोणता दोष क्षम्य आणि कोणता अक्षम्य, याचा निवाडा चुकतो. दशावतारावर आज होणारी टीका आणि त्या टीकेच्या दडपणाखाली होणारे बदल हे या चुकलेल्या निवाड्याचेच फळ आहे.

दशावतारी प्रयोगाची घडण थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे. कार्तिकापासून दक्षिण कोकणात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवाची पालखी मंदिराभोवती फिरली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभे राहते. आधी ‘आडदशावतार’ हा पूर्वरंग : गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, भटजी आणि वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर. देव आणि राजे प्रौढ मराठीत बोलत असता संकासुर मालवणीत बोलून हशा पिकवतो आणि अखेर विष्णूकडून मारला जातो. त्यानंतर उत्तररंगात पौराणिक आख्यान लागते व सकाळी दहीकाल्याने सांगता होते. म्हणून मालवणी मुलखात या खेळाला ‘धयकालो’ असेही नाव आहे. नावाप्रमाणे दहा अवतार पाहण्याच्या अपेक्षेने कोणी बसला, तर तो बसूनच राहील. संकासुराच्या निमित्ताने येणारा मत्स्यावताराचा प्रसंग सोडला, तर बाकीचे अवतार या खेळात क्रमाने दिसत नाहीत. ज्या नाट्यप्रकाराच्या नावातच एवढा मोठा कच्चा दुवा आहे आणि ज्याच्या प्रेक्षकाने त्याबद्दल कधी हिशेब मागितला नाही, त्याची परीक्षा करताना समीक्षकाने थोडे सावध असावे.

उत्तररंगाला लिखित संहिता नसते, हे सर्वज्ञात आहे. त्या रात्री कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणती भूमिका करायची एवढे ठरते; कथासूत्र सर्वांना सांगितले जाते. पुढचे सारे संवाद नट रंगमंचावर, पायपेटी आणि पखवाजाच्या साथीने उभे करतो. हे बोल शून्यातून येत नाहीत. ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’, ‘शिवलीलामृत’ अशा ग्रंथांचे श्रवण-वाचन, ज्येष्ठ नटांची ऐकलेली भाषणे आणि समोरच्या नटाने आताच टाकलेला शब्द, या तिन्हींतून ते घडतात. यांतला तिसरा घटक फार मोलाचा. राजपार्टीने पहिल्या प्रवेशात एखादे वचन दिले, तर समोरच्या स्त्रीपार्टीने ते लक्षात ठेवून पहाटे तीन वाजता त्याच्यापुढे उभे करणे, ही दशावतारातील अलिखित जबाबदारी होय. संहिता कागदावर नसली, तरी ती सहनटांच्या स्मरणात त्या रात्रीपुरती लिहिली जात असते.

हे ध्यानात घेतले की कथानकातील उणिवांचे दोन निरनिराळे वर्ग पडतात.

पहिला वर्ग घटनांचा. बभ्रुवाहनाच्या आख्यानात अर्जुन आपल्याच पुत्राच्या हातून पडतो आणि उलूपी नागलोकीच्या मण्याने त्याला पुन्हा उठवते. मृताला उठवणारा मणी जर पांडवांच्याच घरच्या सुनेच्या हाताशी होता, तर अभिमन्यू चक्रव्यूहात पडला तेव्हा तो कोठे गेला होता? प्रश्न बिनतोड आहे. जत्रेत खाजे घेताना कोणी मिस्कीलपणे तो विचारीलही. पण नाटक चालू असता तो कोणाच्या मनाला टोचत नाही. व्हिडिओ गेमच्या इतिहासात याचा सख्खा भाऊ म्हणावा असा प्रश्न आहे. १९९७ साली निघालेल्या ‘फायनल फँटसी सेव्हन’ या जपानी गेममध्ये लढाईत कोसळलेल्या सोबत्याला उठवण्यासाठी फिनिक्स पक्ष्याच्या पिसाचा उपाय सहज उपलब्ध असतो. तरीही एरिथ ही नायिका खलनायकाच्या तलवारीने मरते, तेव्हा ते पीस कोणी काढत नाही. तिचा मृत्यू खेळणाऱ्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला आणि पिसाचा प्रश्न विनोदापुरता उरला.

अशा उणिवा बुद्धीला जाणवतात, अनुभवाला नाही. पुराणकथेचा प्रेक्षक शेवट जाणूनच बसलेला असतो. घटना पुढे कशी सरकते हे त्याचे कुतूहल नव्हे. बभ्रुवाहनाच्या कथेत त्याला धरून ठेवते ते निराळेच सूत्र. महाभारतात उलूपी मणी वापरते आणि त्याबरोबर एक खुलासाही करते : भीष्माला शिखंडीच्या आडून पाडल्याबद्दल अर्जुनावर वसूंचा शाप होता, आणि पुत्राच्या हातून मरण आल्याने तो फिटला. म्हणजे मण्याने देह उठवला, पण कथा उठवली ती या हिशेबाने. एखाद्या प्रयोगात उलूपीची भूमिका करणाऱ्याने मणी दाखवला आणि भीष्माचा विषय गाळला, तर घटना जशीच्या तशी राहूनही शेवट पोकळ होईल. याउलट मणी कोठून आला हे न सांगता त्याने भीष्माचे ऋण अर्जुनाच्या पदरात घातले, तर एकही प्रेक्षक मण्याची चौकशी करणार नाही.

येथेच दुसरा वर्ग सुरू होतो. त्याला भूमिकेची उणीव म्हणावे. पात्राने रात्रभर जे म्हटले, जो हट्ट धरला, जी शपथ घेतली, तिची शेवटात दखलच घेतली गेली नाही, की ही उणीव निर्माण होते. ती कोणत्याही रफूने झाकत नाही. हरिश्चंद्राची कथा घ्यावी. राज्य गेले, पत्नी व पुत्र विकले गेले, स्मशानात मृत रोहिदासापुढे तारामती उभी. आणि देव प्रकटतात, मूल जिवंत होते, ही सारी परीक्षा होती असे कळते. तर्काने पाहता न पटणाऱ्या शेवटांत याचा क्रमांक वरचा लागावा. परंतु मार्कंडेय पुराणातला हरिश्चंद्र देवांच्या आगमनानंतरही बोलायचा थांबत नाही. स्वर्ग देऊ केला असता, आपल्या प्रजेला सोडून आपण एकटे येणार नाही, असे तो म्हणतो. देव आले तरी राजाने राजाची भूमिका सोडली नाही. ज्या प्रयोगात नट एवढे एक भाषण करतो, तेथे देवाचे येणे उपकार न राहता उत्तर ठरते. जेथे तो केवळ हात जोडून उभा राहतो, तेथे आधीचे तीन तास वाया गेल्यासारखे वाटतात.

रफूचा विषय निघालाच आहे, तर एका थोर रफूगाराचा उल्लेख टाळता येणार नाही. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात दुर्वासाचा शाप नाही व मुद्रिकाही नाही. दुष्यंत तिला ओळखूनही नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने शाप आणि अंगठी घालून राजाचे विस्मरण कारणासह सिद्ध केले. दुवा पक्का झाला, राजा निर्दोष ठरला. पण मूळ कथेतली शकुंतला भर सभेत राजाशी सत्य आणि पितृधर्म यांवर जो वाद घालते, त्या वादाची धार नव्या मांडणीत बोथट झाली. समोरचा माणूस शापाने विसरला असेल, तर त्याच्याशी वाद घालायचा तरी कशाला? ‘शाकुंतला’चे मोठेपण अन्यत्र आहे, याबद्दल दुमत नसावे. तथापि घटनेचा कच्चा दुवा पक्का करण्याची किंमत कधीकधी भूमिकेला मोजावी लागते, हे या सर्वमान्य उदाहरणातही दिसते.

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात हा भेद अधिकच उघडा पडतो, कारण तेथे भूमिका करणारा आणि आस्वाद घेणारा एकच असतो. २००८ साली आलेल्या ‘फॉलआउट थ्री’मध्ये अखेरीस प्राणघातक किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत कोणीतरी शिरून यंत्र सुरू करायचे असते. नायकासोबत फॉक्स नावाचा एक अजस्र सोबती असू शकतो, ज्याला किरणोत्सर्गाची बाधा होत नाही. हे आधी कथेतच दाखवलेले आहे. पण त्याला आत जाण्याची विनंती केली, की हे तुझे प्राक्तन आहे अशा आशयाचे बोलून तो नकार देतो. लेखकाला नायकाचे बलिदान हवे होते. त्यासाठी सोबत्याची भूमिका मोडण्यात आली. खेळणाऱ्यांनी इतकी हरकत घेतली, की २००९ साली निघालेल्या पुरवणी भागात हा शेवट बदलण्यात आला व सोबत्याला आत पाठवण्याची सोय झाली.

‘मास इफेक्ट’ या तीन भागांच्या गेमचे उदाहरण याहून बोलके आहे. २००७, २०१० आणि २०१२ साली निघालेल्या या भागांत शेपर्ड नावाच्या सेनानीची भूमिका खेळणाऱ्याकडे असते व एका भागातील निर्णय पुढच्या भागात वाहून नेले जातात. तिसऱ्या भागाच्या शेवटी, तोवर कथेत न आलेली एक महासत्ता लहान मुलाच्या रूपात प्रकट होते. यंत्रबुद्धीचे प्राणी आणि देहधारी प्राणी यांचा संहार अटळ आहे, असे ती सांगते व नायकापुढे ठराविक पर्याय ठेवते. आता, ज्याने याच कथेत गेथ या यंत्रजातीचा आणि क्वेरियन या देहधारी जातीचा कित्येक पिढ्यांचा दावा मिटवून त्यांना एकत्र नांदवले आहे, त्याच्याजवळ या सिद्धांताला खोडणारा पुरावा हाताशी असतो. पण तो मांडण्याचा पर्यायच पडद्यावर येत नाही. खेळणाऱ्याने केलेल्या बहुतेक निवडींचे रूपांतर युद्धबळाच्या एका आकड्यात झालेले असते आणि कोणते पर्याय खुले व्हावेत हे तो आकडा ठरवतो. जगभर जो गदारोळ झाला, त्याचे कारण शेवट दुःखद होता किंवा देव अवचित आला, एवढेच नव्हते. देव आला आणि भक्ताला तोंड उघडू दिले नाही, हे त्याचे खरे कारण. त्याच वर्षी जूनमध्ये निर्मात्यांनी वाढीव शेवट विनामूल्य दिला. त्यात स्पष्टीकरणे वाढली, नकार देण्याचा एक मार्गही आला; मूळ सल पुरता गेला नाही.

याच्या उलट साक्ष १९९९ सालच्या ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ची. तेथे अमर असूनही स्मृती हरवलेला एक अनाम पुरुष आपल्या पूर्वजन्मसदृश आयुष्यांतली पापे शोधत जातो. खेळणाऱ्याने कोणतीही वाट धरली, तरी मुख्य शेवटांत तो हरवलेले मर्त्यपण परत मिळवतो आणि केलेल्या पापांची फेड करण्यासाठी नरकातील अखंड युद्धात जातो. शेवट पुराणकथेइतका ठरलेला, आणि तरीही पटणारा. कारण अखेरच्या भेटीत तलवार न उचलता केवळ बोलून, आजवर जे कळले त्याच्या बळावर प्रतिपक्षाला नमवण्याची मुभा खेळणाऱ्याला आहे. शेवट बदलता येणे ही पटण्याची अट नव्हे. महाराष्ट्राच्या जवळचे उदाहरण द्यायचे, तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली काढलेला ‘राजी’ हा गेम भूमिकाप्रधान नसून साहसप्रधान आहे. दुर्गा आणि विष्णू यांच्या संभाषणातून कथा सांगण्याची त्याची रीत मात्र पूर्वरंगाची आठवण करून देते. त्याचा शेवट अचानक तुटल्यासारखा आहे असा आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप या दुसऱ्या वर्गात पूर्णपणे बसत नाही, म्हणून येथे अधिक लांबवण्याचे कारण नाही.

देवाच्या आगमनाविषयी आपल्या समीक्षेत जो अवघडलेपणा आहे, तो बव्हंशी अॅरिस्टॉटलकडून आला. कथेचा उकल कथेतूनच व्हावा, ‘मीडिया’ नाटकाप्रमाणे यंत्राने उतरवलेल्या उपायातून नव्हे, असा त्याचा आग्रह. तो विसरू नये. पण मराठीच्या अभ्यासकाने त्याच दमात नाट्यशास्त्रही आठवावे. भरताने पाच संधी सांगितल्या आणि निर्वहण या अखेरच्या संधीत अद्भुत रस नेहमी असावा असे म्हटले. शेवटी विस्मय हवा, हे त्या परंपरेत दोषाचे नव्हे, नियमाचे कलम आहे. मात्र निर्वहण म्हणजे आधीच्या संधींत विखुरलेल्या अर्थांचे एकत्र आणणे. बीज न उचलता नुसता विस्मय आणला तर ते निर्वहण होत नाही. दशावतारातील देव हा प्रथमदर्शनी अॅरिस्टॉटलचा गुन्हेगार दिसतो. त्याचा खटला भरताच्या न्यायालयात चालवायला हवा, आणि तेथे विचारण्याचा प्रश्न ‘देव का आला?’ हा नसून ‘कोणाच्या कोणत्या शब्दाला उत्तर म्हणून आला?’ हा आहे.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. ‘ट्रिकसीनयुक्त’ प्रयोगांची जाहिरात आता जत्रेच्या फलकांवर सर्रास दिसते. काल्पनिक आख्यानेही मोठ्या प्रमाणावर लागतात. स्पर्धा, महोत्सव आणि मुंबईतील नाट्यगृहे यांसाठी रात्रभराचा खेळ अडीच-तीन तासांत बसवला जातो. यांपैकी ट्रिकसीनवर अभ्यासकांचा रोष अधिक, आणि तो बहुतांशी अस्थानी आहे. धुरातून देवी प्रकटली काय आणि पडद्यामागून चालत आली काय, तिच्या येण्याची गरज आधीच्या संवादांनी निर्माण केली असेल तर भागते. खरी हानी वेळेच्या कात्रीने होते. वेळ कमी पडू लागला की युद्ध आणि चमत्कार राहतात, आणि कापला जातो तो दोन नटांमधला वाद. कारण कथासूत्र सांगताना त्या वादाची एक ओळही येत नाही. घटना सगळ्या शाबूत राहतात, दुवेसुद्धा अधिक पक्के दिसतात, आणि शेवट न पटणारा होतो. काल्पनिक आख्यानांत हा धोका दुणावतो, कारण तेथे प्रेक्षकाजवळ पुराणाचे पूर्वज्ञान नसते. नटाच्या बोलांखेरीज शेवटाला दुसरा आधार नाही. निरनिराळ्या मंडळांतील नामवंत एकत्र येऊन करतात त्या ‘संयुक्त’ प्रयोगांत भाषणे रंगतात खरी, पण प्रत्येक जण आपले गाजलेले भाषण घेऊन आलेला असला, तर समोरच्याचा शब्द स्मरणात ठेवण्याची जबाबदारी कोण घेणार, ही शंका उरते. भूमिका आणि नट यांच्यामधली फट रुंदावली की काय होते, हे गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरणा’ने १९८० सालीच हसवून दाखवले, तेथे ते प्रहसन होते म्हणून शोभले.

विद्यापीठीय अभ्यासाची उणीवही येथेच आहे. आख्यानाचे कथानक सारांशरूपाने नोंदवायचे, त्याचे पौराणिक मूळ दाखवायचे आणि विसंगती लोकमानसाच्या खाती टाकायच्या, या पद्धतीने नेमका कथेचा प्राण नोंदीबाहेर राहतो. एकाच आख्यानाचे चार मंडळांनी केलेले चार प्रयोग शब्दशः उतरवून त्यांचे शेवट शेजारी-शेजारी ठेवणे, हे काम पूर्वी ध्वनिमुद्रणाअभावी अवघड होते. आज दशावताराचे कितीतरी प्रयोग यूट्यूबवर सहज पाहता येतात. साधने आली, मोजमाप मात्र कथासारांशाचेच राहिले. स्पर्धांच्या परीक्षकांनी तेच मोजमाप उचलले, तर मंडळे त्यानुसार वागतील यात नवल नाही.

असा तौलनिक अभ्यास हाती घेणाऱ्याने आरंभ वृंदा-जालंधराच्या कथेपासून करावा. वृंदेच्या पातिव्रत्यामुळे जालंधर अजिंक्य. विष्णू जालंधराचे रूप घेऊन तिला फसवतो. शंकर जालंधराला मारतो. वृंदा विष्णूला शाप देते, देह अग्नीत टाकते, आणि तिची तुळस होऊन कार्तिकात तिचे विष्णूशी लग्न लागते. फसवणाऱ्याशीच विवाह हा सन्मान कसा, हा या कथेतला सर्वांत मोठा कच्चा दुवा, आणि तो कोणत्याही मण्याने भरून निघणारा नाही. कथासूत्राने येथे नटाला काहीच दिलेले नाही. कपट उघडे पडल्याच्या क्षणापासून चितेपर्यंत स्त्रीपार्टी काय बोलते, आणि विष्णूची भूमिका करणारा त्यावर मान खाली घालून उभा राहतो की वरदानाचे पाठ भाषण सुरू करतो, एवढ्यावरच त्या रात्रीच्या शेवटाचे खरे-खोटे अवलंबून असते. त्या दहा-पंधरा मिनिटांचे बोल उतरवून घेणे, हे अशा अभ्यासाचे पहिले काम.